टोल्यातलं एकच पक्कं घर

१२ नोव्हेंबर

आज पगार झाला. म्हणजे माझा झाला, सफाईवाल्यांचा नाही. माझा पगार सरकारकडून येतो आणि त्यांचा नगरपंचायतीच्या स्वनिधीतून. स्वनिधी म्हणजे घरटॅक्स, पाणीपट्टी आणि बाजाराची चिठ्ठी. तिन्ही मिळून जे जमतं त्यात रस्त्यावरच्या दिव्यांचं बिलसुद्धा निघत नाही. लच्छू झाडू घेऊन ऑफिसच्या दारात उभा होता. "मॅडम, दिवाळी त गेली. आता पोळ्याले देता का पगार?" असं म्हणाला आणि स्वतःच हसला. मीही हसले. दुपारी डबा उघडला तेव्हा मात्र जेवण गेलं नाही.

कर निरीक्षक म्हणून वेलमपल्लीला आले त्याला दीड वर्ष झालं. बल्लारपूरहून निघताना बाबांनी ही डायरी दिली होती, "तिथी बोलायले कोनी नाई भेटलं त हिच्याशी बोल" म्हणून. इतके दिवस कोरीच होती. आज वाटलं, बोलावं.

२१ नोव्हेंबर

घरांची मोजणी करणाऱ्या एजन्सीची यादी आली. ड्रोननं वरून फोटो काढलेत, खाली त्यांची माणसं फिरून नावं लिहून गेलीत. आपल्या गावात इतकी घरं आहेत हे मलाच माहीत नव्हतं. गोठे आहेत, कुडाच्या खोल्या आहेत, मोहफुलं साठवायच्या झोपड्या आहेत. मी मुख्याधिकारी साहेबांना विचारलं, "सर, गोठ्यालाही टॅक्स?" ते म्हणाले, "छप्पर दिसलं की मालमत्ता. हरकती येतील तेव्हा बघू."

साहेब खूश होते. यावर्षीचं अंदाजपत्रक शिलकी दाखवायचंच आहे, आणि वरून पत्र आलंय की नव्वद टक्के वसुली झाली नाही तर वित्त आयोगाचा हप्ता मिळणार नाही. हप्ता नाही तर सगळा खर्च स्वनिधीवर पडणार आणि लच्छूचा पगार नाही. हिशेब सरळ आहे. मला सरळ हिशेब आवडतात.

२९ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस. नीलाबाई आली होती. आंबेटोल्याची आहे. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा नाल्यापलीकडचा हा गोंडांच्या वस्तीचा टोलाही शहरात घेतला. शहरात आल्यावर तिथं एक पाटी लागली, बाकी काही नाही. नवरा जंगू दोन वर्षांमागे तापानं गेला. मुलगी रिना गडचिरोलीला नर्सिंग शिकते. नीलाबाई बाजारात चारोळी विकते आणि विकून झालं की आमच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसते. घरकुलाच्या टेबलावर एकच प्रश्न विचारते. "माह्यं नाव हाय ना जी?"

आहे. विधवांच्या यादीत पहिलंच नाव तिचं आहे. तिच्या घराची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात बसली. तिथं तिनं बांबूचा तट्टा लावलाय. मी म्हटलं, "पुढच्या पावसाळ्यात तुम्ही विटांच्या घरात असाल." तिनं माझ्या ओंजळीत मूठभर चारोळी टाकली आणि पैसे घेतले नाहीत.

१४ जानेवारी

अंदाजपत्रकाचं काम सुरू आहे. सगळे आकडे खर्चाच्या बाजूनं वाढतात. साहेबांनी आज जमेच्या बाजूला नव्या यादीची पूर्ण रक्कम धरली. अजून हरकतींची सुनावणी व्हायची आहे, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, सुनावणीत फार कमी करू नका म्हणजे झालं." म्हणजे अंदाजपत्रक आधी आणि यादी नंतर. आधी बिऱ्हाड मांडायचं आणि मग घर शोधायचं, तसं वाटलं. पण दुसरा मार्ग मलाही सुचत नाही.

अध्यक्षा सुगंधाबाई येऊन ओरडून गेल्या. "लोकं मले रस्त्यात धरतात बाई! टॅक्स वाढवला काऊन म्हनतात. अन् तेच लोकं लाइट काऊन बंद म्हनतात. मी काय घरून आणू का?" त्यांचंही खरं आहे. त्यांच्या स्वतःच्या गल्लीत महिनाभर अंधार आहे.

घरी फोन केला. बाबांना दम लागतोय. एकटेच असतात. साहेबांना बदलीबद्दल पुन्हा बोलायला हवं.

२२ जानेवारी

सुनावणी झाली. आले ते जास्त करून बाजारपेठेतलेच. दुकानदारांना हरकत कशी घ्यायची ते कळतं, ते वकील घेऊन येतात. खताच्या दुकानवाल्याच्या गोदामाचा टॅक्स निम्म्यावर आला. टोल्यातून एकटे चैतूभाऊ आले. हे टोल्याचे भूमिया. पूजा, लग्न, मयत सगळं त्यांच्या शब्दानं चालतं. नीलाबाईचे थोरले दीर लागतात. नव्या यादीत नीलाबाईच्या नावावर दोन घरं आहेत. एक मातीचं, जंगूचं. दुसरं विटांचं, पत्र्याचं, टोल्याच्या कडेला.

"ते दुसरं घर नीलाचं नाई जी," चैतूभाऊ म्हणाले.

"मग कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

ते पायाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बायकायचं हाय."

"कोणत्या बायकांचं?"

"टोल्यातल्या."

"टोल्याच्या नावावर घर लागत नाही हो. एक नाव सांगा."

चैतूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हॉलमध्ये बसलेल्या माणसांकडे पाहिलं. "आता काय सांगू जी मी," म्हणाले आणि खांद्यावरचा दुपट्टा सारखा करून निघून गेले. आमचे वसुली लिपिक देवराव यांनी लिहिलं, 'पुरावा सादर न केल्याने हरकत अमान्य.' मला वाटलं, दीर-भावजयीचा जागेचा वाद असणार. असे वाद आम्ही रोज पाहतो.

२० फेब्रुवारी

अंदाजपत्रक मंजूर. शिलकी. टाळ्या वाजल्या. बाहेर रस्त्यावर दिवे नव्हतेच, सगळे मोबाइलच्या उजेडात घरी गेले.

८ मार्च

सकाळी ऑफिसात महिला दिनाचा गुलाब मिळाला. दुपारी वसुलीला आंबेटोल्यात गेले. तिथं पहिल्यांदाच गेले, हे इथं लिहायला लाज वाटते.

देवराव गाडी घेऊन चिंचेच्या झाडाशीच थांबले. "तुमी जा मॅडम. मी इथीच बरा हाय." मला वाटलं, उन्हाचा कंटाळा. मी एकटी पुढं गेले. ते विटांचं घर दिसलं. एक खोली, ओसरी, मागं संडास, भिंतीवर कुठल्याशा संस्थेचं नाव. टोल्यातलं एकच पक्कं घर. ओसरीत नीलाबाई आणि टोल्यातली एक तरुण सून बसल्या होत्या. एक म्हातारी आली, लांबच्या दगडावर भाताची ताटली ठेवली आणि न बोलता परत फिरली. मग सून उठली आणि ताटली घेऊन आली.

मी पायरीपर्यंत पोचले तशी नीलाबाईनं हात वर केला. "बाई, इकडं नोका येऊ. तुमाले आंघोळ करा लागल."

तेव्हा कळलं. ते कुर्माघर होतं. पाळी आली की टोल्यातल्या बायका तिथं येऊन राहतात. चुलीला, माणसाला, कशाला शिवत नाहीत. आधी तिथं पाल्याची खोप होती. एका पोरीला त्यात साप चावला. मग संस्थेनं हे बांधून दिलं. पुरुष तिकडं फिरकत नाहीत आणि चारचौघांत त्याचं नावही काढत नाहीत. चैतूभाऊ भरल्या हॉलमध्ये साहेबांना काय सांगणार होते?

"मग तुमचं नाव कसं लागलं?" मी विचारलं.

"पोरं आले होते मोजाले. घर कोनाचं, नाव सांगा म्हने. तवा मी होती इथी, त माह्यं सांगतलं. दुसरी कोनी असती त तिचं सांगतलं असतं." आणि मग तिनं विचारलं, "काई बिघडते का जी त्यानं?"

मी म्हटलं, काही नाही, दुरुस्त करू.

परत येताना मला सगळ्यांचाच राग आला. एजन्सीच्या पोरांचा आला, चैतूभाऊंचा आला. त्या दगडावरच्या ताटलीचा सगळ्यात जास्त आला. मग आठवलं, आई होती तोवर मीही दर महिन्याला चार दिवस स्वयंपाकघराच्या दारात बसून जेवलेय. फरक एवढाच की आमच्याकडे त्यासाठी वेगळं घर नव्हतं.

१० मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. एप्रिल उजाडला की पहिली दुरुस्ती हीच करू. पण आत्ता यादीला हात लावला तर एका घरावर थांबणार नाही. प्रत्येक जण येईल. मागणीचा आकडा बदलेल, मंजूर बजेट चुकीचं ठरेल. तीन आठवडे थांबा ना." मग फाइल बंद करता करता म्हणाले, "तुमच्या बदलीचं मी लिहून ठेवलंय. नव्वद टक्के झाले की पाठवतो."

मी थांबायचं ठरवलं ते बदलीसाठी नाही. तीन आठवड्यांनी कुणाचं काय अडणार आहे?

२० मार्च

ढोल सुरू झाले. ज्यांनी टॅक्स भरला नाही त्यांच्या दारासमोर डफडेवाले उभे करायचे आणि नाव पुकारायचं. देवरावना हे काम आवडतं. आज एका मास्तरांनी दार उघडलंच नाही, त्यांच्या बायकोनं खिडकीतून पैसे फेकले. वाजवणाऱ्यांनी ते उचलून देवरावकडे दिले. वसुली मात्र भराभर वाढतेय. मला घरी आल्यावरही कानात तेच ऐकू येतं.

देवरावच्या परवाच्या यादीत आंबेटोला आहे. कोवे नीलाबाई जंगू, पक्के घर. म्हणजे कुर्माघरासमोर डफडं वाजणार, पुरुष नाव पुकारणार. आत जी कोणी बाई बसलेली असेल तिनं काय करायचं?

२१ मार्च

टॅक्स मी भरून टाकला. रक्कम फार नव्हती, एका साडीचे पैसे. देवराव म्हणाले, "मॅडम, पावती तुमच्या नावानं नाई निंगत. मालकाच्याच नावानं निंगते." म्हटलं, निघू द्या. थकबाकीच्या यादीतून नाव गेलं, ढोल टळला, वसुलीही वाढली. गेल्या चार महिन्यांत आज पहिल्यांदा काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं. शांत झोप लागेल.

२८ मार्च

बाजार. नीलाबाईला पावती दिली. ती घेईना. "तुमी काऊन भरले जी?" मी म्हटलं, ठेवा, ऑफिसची कागदं जपून ठेवावीत. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून आधारकार्ड आणि जंगूच्या मृत्यूचा दाखला काढला आणि त्यांच्यामध्ये पावती घडी करून ठेवली. मग म्हणाली, "घरकुलवाले साहेब टॅक्सची पावती मांगतच होते. बरं झालं बाई." किती आनंद झाला होता तिला. मलाही झाला.

३१ मार्च

एक्क्याण्णव टक्के! साहेबांनी पेढे आणले, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. कर वसुलीत हे ऑफिस पहिल्यांदाच नव्वदच्या वर गेलं. सफाईवाल्यांचा तीन महिन्यांचा पगार मंजूर झाला. लच्छूनं जिलेबीचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि झाडायला निघून गेला. बाहेर आले तर बाजारपेठेतले दिवे लागले होते. बाबांना फोन करून सांगितलं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण ते खूश झाले.

१७ एप्रिल

घरकुलाची यादी फळ्यावर लागली. नीलाबाईचं नाव नाही.

रिना आली होती. मुलगी आईपेक्षा उंच आहे, डोळ्याला डोळा भिडवून बोलते. तिनं मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. नामंजूर अर्जांमध्ये आईचं नाव, पुढं कारण. 'अर्जदाराच्या नावे पक्के घर. चालू वर्षाची कर पावती सोबत जोडली आहे.'

"पावती आईनंच जोडली," ती म्हणाली. "टेबलवाल्यानं मांगितली त दिली. पैसे तुमी भरले म्हनते आई."

मी म्हटलं, "ढोल वाजू नये म्हणून भरले. दुरुस्ती याच महिन्यात होणार होती."

"यादी त आज लागली मॅडम."

"अपील करता येईल. पुढच्या टप्प्यात—"

"तोवर आई रायते कुठी?" आणि मग म्हणाली, "त्या दिवशी तुमाले समजलं होतं ना, घर कायचं हाय ते? तवा काऊन नाई केलं?"

मला तिचा राग आला. मुलगी शिकलीये, पण बोलायची रीत नाही. आपण स्वतःच्या खिशातून कुणासाठी काही करावं आणि वर हे ऐकावं. संध्याकाळपर्यंत राग होता. आता लिहिताना तो सापडत नाहीये, आणि त्याच्या जागी जे आहे ते लिहवत नाही.

२४ एप्रिल

दुरुस्तीचा अर्ज मीच लिहिला, नीलाबाईचा अंगठा घेतला. साहेब म्हणतात, मंजूर यादी बदलायची तर सभेचा ठराव लागतो. अध्यक्षा सुगंधाबाई म्हणाल्या, "बिचारीचं काम हाय, मी विषय घेते." पण पुढची सभा जूनमध्ये. घरकुलवाले म्हणतात, ठराव आला तरी या टप्प्याची संख्या भरली, नीलाबाईची जागा खालच्या नावाला गेली. मी विचारलं, ते कोण? त्यांनी नाव सांगितलं. तीही विधवाच आहे. तिच्याशी भांडू कशी?

११ मे

काल संध्याकाळी जोराचं वादळ झालं. ऑफिसच्या आवारातला गुलमोहर पडला. दुपारी देवराव सांगत होते, आंबेटोल्यात दोन-तीन घरांची छपरं उडाली, नीलाबाईच्या घराच्या उरलेल्या भिंतीही बसल्या. ती बाहेर होती, लागलं नाही. पंचनाम्याला तलाठी जातील. मी जायला हवं होतं. गाडी मिळाली नाही. खरं म्हणजे मी मागितली नाही.

३० मे

बदलीचा आदेश आला. बल्लारपूर. बाबा फोनवर रडले. मी पण रडले, पण कशासाठी ते त्यांना सांगितलं नाही.

१९ जून

सभा झाली. रस्ते, नाल्या, स्मशानभूमीचं शेड यावर एवढा वेळ गेला की दुरुस्तीचा विषय पुढच्या सभेत ढकलला. सुगंधाबाई म्हणाल्या, "बाई, मी बोलली होती, पन कोनी ऐकूनच घेईना."

२७ जून

चार्ज द्यायच्या आधीचं शेवटचं काम म्हणजे नव्या बिलांसाठी घरांचा वापर तपासणं. देवराव आणि मी आंबेटोल्यात गेलो. देवराव नेहमीप्रमाणे चिंचेशी थांबले, हातात बिलांचा गठ्ठा.

जंगूचं घर होतं तिथं मातीचा ढीग आहे, त्यावर भोपळ्याचा वेल चढलाय. चैतूभाऊ अंगणात सुंभ वळत होते. मी विचारलं, नीलाबाई कुठं राहते? त्यांनी मान टोल्याच्या कडेला वळवली. म्हणाले, "माह्याकडं जागा नाई जी, पोरायचे संसार हायेत. नीला म्हनली, कागद माह्या नावचा हाय, मी तिथीच जातो. कोन काढन तिले?"

कुर्माघराच्या ओसरीत तिची चूल होती. दोरीवर तिची लुगडी, खिळ्याला ती प्लास्टिकची पिशवी. बाजूला, जिथं आधी पाल्याची खोप होती तिथं, प्लास्टिकचा ताव बांधून दोन बायका बसल्या होत्या. पाळीच्या. पक्क्या घरात आता त्यांना जागा नव्हती. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, तिच्याकडेही पाहत नव्हत्या.

नीलाबाई उठून उभी राहिली. वाळली आहे. मी पुढं झाले तशी ती मागं सरकली.

"नोका येऊ जी. इथं रायते त्याले कोनी शिवत नाई. पूर्वी चार दिवस होते, आता बारा महिने." हे ती रडून बोलली नाही, माहिती द्यावी तसं बोलली. "रिना आली होती मागं. तिले चैतूभाऊकडं ठेवलं. पोरगी तिकडून बोलली, मी इकडून." अंगणाच्या पलीकडचा दगड तिनं दाखवला. तोच दगड, ताटलीचा.

मी म्हटलं, "नीलाबाई, माझी चूक झाली. मी तो टॅक्स भरायला नको होता."

"तुमी त चांगलंच केलं बाई." ती खरंच तसं मानत होती. त्यापेक्षा तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आत गेली, पळसाच्या पानांचा द्रोण भरून चारोळी आणली. "ते पैसे फेडाचे होते. बाजारातल्या दुकानात हिचे तितके येतात, मी पुसून आली." चारोळी तिनं दगडावर ठेवली आणि मी घ्यावी म्हणून पार ओसरीपर्यंत मागं गेली.

मला तिचा हात धरायचा होता. मी द्रोण उचलला.

तेवढ्यात चिंचेखालून देवरावनी हाक मारली. "मॅडम, वापर काय लिहू? मागच्या वेळी 'इतर' हाय. राह्यते का कोनी?"

नीलाबाई माझ्याकडे पाहत होती. कागदावरचं नाव गेलं तर हे छप्परही गेलं असतं. मी म्हटलं, "निवासी लिहा."

"मालक?"

"कोवे नीलाबाई जंगू. स्वतः."

देवरावनी लिहून घेतलं. निवासी म्हटल्यावर दर वाढला, बिल मागच्यापेक्षा जास्त निघालं. ते मी दगडावर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक खडा ठेवला, आणि ती येऊन घेईल म्हणून मागं सरकले.